तहानलेले इंधन आणि चिमुकले इंजिन

चहाच्या एका चमच्यात सुमारे ५ मिलिलिटर पाणी मावते. आता असे एक इंजिन डोळ्यांपुढे आणा, की ज्याच्या सिलिंडरची धारणक्षमता या चमच्याहूनही कमी, म्हणजे अवघी ३.५ घन सेंटिमीटर आहे. हे इंजिन मिनिटाला ३०,००० फेरे सहज घेते. ते द्विघाती असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात एक स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला ५०० स्फोट! दूरनियंत्रणाने धावणाऱ्या, खऱ्या मोटारीच्या एक-अष्टमांश आकाराच्या प्रतिकृतींत अशी इंजिने बसवलेली असतात. स्पर्धेतील गाडीला इंधनाची टाकी १२५ घन सेंटिमीटरची असते आणि ती काही मिनिटांतच रिकामी होते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात असलेल्यांनी प्रतिकृती-विमानांवर याच जातीची इंजिने कदाचित पाहिलीही असतील.

असे इंजिन नीट सांभाळले तर ते कित्येक लिटर इंधन पचवते. हेळसांड झाली तर एका पावसाळ्यात गंजून बसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, त्याचे इंधन निष्काळजीपणे ठेवले तर माणसाची दृष्टी जाऊ शकते. म्हणून हे इंधन म्हणजे काय, ते कसे ठेवावे आणि इंजिनाची निगा कशी राखावी, हे कारणांसह समजून घेऊ.

काडी नाही, ठिणगीही नाही

मोटारसायकलच्या पेट्रोल इंजिनात दर स्फोटाला विजेची ठिणगी पडते. आपल्या चिमुकल्या इंजिनात ठिणगी पाडण्याची कोणतीही सोय नसते. त्याच्या माथ्यावर 'ग्लो प्लग' नावाची एक लहानशी खीळ असते व तिच्या टोकाशी प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तारेची गुंडाळी असते. सुरुवातीला सुमारे दीड व्होल्टच्या बॅटरीने ही तार लाल तापवतात. इंजिन सुरू झाले, की बॅटरी काढून घेतात, आणि तरीही तार तापलेलीच राहते! हे कसे?

याचे उत्तर १८२३ सालच्या एका शोधात आहे. जर्मनीतील येना येथे डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाला असे आढळले, की हायड्रोजनचा झोत सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडला तर तो काडीवाचून पेट घेतो. प्लॅटिनम येथे उत्प्रेरकाचे काम करते. ते स्वतः खर्ची पडत नाही, पण त्याच्या पृष्ठभागावर ज्वलनाची क्रिया सहज घडते. मेथॅनॉलची वाफ आणि हवा यांच्या बाबतीतही हेच होते. या क्रियेची उष्णता आणि आधीच्या स्फोटाची उष्णता मिळून तार तापलेली ठेवतात. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी असा प्लग बाजारात आणला आणि प्रतिकृती-इंजिनांवरचे ठिणगीचे अवजड साहित्य गेले. मात्र त्यामुळे एक बंधन आले : इंधन असे हवे, की जे प्लॅटिनमपाशी सहज पेटेल. नेहमीचे पेट्रोल येथे चालत नाही.

इंधनातील तिघे सोबती

या इंधनात मुख्यतः तीन द्रव्ये असतात : मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणतेल. गाड्यांसाठीच्या एखाद्या इंधनात शंभर भागांत २५ भाग नायट्रोमिथेन, १२ भाग तेल व उरलेले ६३ भाग मेथॅनॉल असते. कारखान्यानुसार व कामानुसार हे प्रमाण बदलते.

द्विघाती इंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी नसते. पिस्टन, भुजादंड आणि बेअरिंगे यांना तेल मिळते ते इंधनातूनच. शिवाय मेथॅनॉलचे बाष्प होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते. एक किलोग्रॅम मेथॅनॉलला सुमारे १,१०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे पेट्रोलच्या तिपटीच्या आसपास. तेव्हा हा द्रव एकाच वेळी इंधन, वंगण आणि शीतक अशी तीन कामे करतो, हे ध्यानात ठेवा. पुढची सगळी निगा या एका गोष्टीवर उभी आहे.

तेलासाठी अनेक वर्षे आपले ओळखीचे एरंडेलच वापरले जाई, आजही काही प्रमाणात वापरतात. बहुतेक वनस्पतितेले अल्कोहोलात विरघळत नाहीत, पण एरंडेल विरघळते. त्यातील सुमारे ९० टक्के मेदाम्ल रिसिनोलिइक आम्ल असते व त्याच्या रेणूवर अल्कोहोलाप्रमाणेच हायड्रॉक्सिल गट असतो. पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरती इंजिनेही एरंडेलावरच चालत. जगातील एरंडीचा मोठा वाटा भारतात, आणि त्यातही गुजरातेत पिकतो. एरंडेल फार तापल्यावरही धातूला चिकटून राहते, हा त्याचा गुण. मात्र ते भाजून तपकिरी राळेसारखे साचते, हा दोष. म्हणून आज बहुतेक इंधनांत कृत्रिम तेल, किंवा कृत्रिम तेलात थोडे एरंडेल, असे मिश्रण असते.

कमी उष्णता, तरी जास्त शक्ती!

आता एक कोडे पाहा. एक किलोग्रॅम पेट्रोल जाळले तर सुमारे ४४ मेगाज्यूल उष्णता मिळते. मेथॅनॉलपासून मिळते २०, आणि नायट्रोमिथेनपासून फक्त ११.३ मेगाज्यूल. मग शक्ती वाढवण्यासाठी नायट्रोमिथेन का घालतात?

इंजिनाला इंधन हवे तेवढे देता येते, पण हवा मात्र सिलिंडरात मावेल तेवढीच मिळते. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे, की एक किलोग्रॅम हवेत किती इंधन जळेल? ३२ ग्रॅम मेथॅनॉलला ४८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. नायट्रोमिथेनच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणू मुळातच असल्यामुळे त्याच्या ६१ ग्रॅमला बाहेरचा ऑक्सिजन फक्त २४ ग्रॅम पुरतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन धरून तुम्हीच हिशेब करा. एक ग्रॅम मेथॅनॉलला सुमारे ६.५ ग्रॅम हवा लागेल, तर एक ग्रॅम नायट्रोमिथेनला फक्त १.७ ग्रॅम. म्हणजे एक किलोग्रॅम हवेमागे मेथॅनॉल सुमारे ३.१ मेगाज्यूल उष्णता देते, तर नायट्रोमिथेन सुमारे ६.६. दुपटीहून अधिक! पेट्रोलचा आकडा येतो ३. कोडे सुटले.

यातून व्यवहाराचा एक नियमही निघतो. नायट्रोमिथेनचे प्रमाण बदलले, की इंधन व हवा यांचे योग्य प्रमाणही बदलते. म्हणून वेगळ्या टक्केवारीचा डबा आणला, की कार्ब्युरेटरची सुई नव्याने जुळवावी लागते.

इंधन 'पाणी पिते', ते असे

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, हे घरी सर्वांनी पाहिले आहे. मेथॅनॉल पाण्याच्या बाबतीत असेच लोभी आहे. मेथॅनॉल आणि पाणी कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात, त्यामुळे उघड्या डब्यातील इंधन हवेतील बाष्प ओढून घेते. मुंबई-कोकणात जुलै महिन्यात हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत झाकण सैल राहिलेला डबा किती 'पाणी पीत' असेल, याची कल्पना करा.

अर्ध्या भरलेल्या डब्याचा धोका अधिक. दुपारी डब्यातील हवा तापून प्रसरण पावते व सैल झाकणातून बाहेर पडते. रात्री ती आकुंचन पावते व बाहेरची दमट हवा आत येते. डबा जणू श्वासोच्छ्वास करतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडे पाणी आत घेतो.

पाणी शिरलेल्या इंधनाने काय होते? पाणी जळत तर नाहीच, उलट वाफ होताना उष्णता खाते. प्लगची तार निवते, मंद गतीत इंजिन वारंवार बंद पडते, आज जुळवलेली सुई उद्या जुळत नाही. मग गाडीवाला सुई फिरवत बसतो. ती अधिक बंद केली, की इंजिनात इंधन कमी जाते, आणि इंधनाबरोबर तेलही कमी जाते! इंजिन तापते, पिस्टन व सिलिंडर घासले जातात. दोष डब्याच्या झाकणाचा, आणि शिक्षा इंजिनाला. शिवाय हेच पाणी पोलादी बेअरिंगांवर गंज चढवते.

डबा कोठे व कसा ठेवावा?

पहिले : इंधन आले त्याच मूळ डब्यात ठेवा. झाकण घट्ट लावा, आणि भरून झाले की लगेच लावा.

दुसरे : डबा थंड, कोरड्या व सावलीच्या जागी ठेवा. मेथॅनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते. बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात डबा तापला, की आत दाब वाढतो. असा डबा आधी निवू द्या, मग तोंडापासून दूर धरून झाकण सावकाश उघडा. प्रकाशानेही नायट्रोमिथेन बिघडू शकते, म्हणून डबा पारदर्शक असेल तर तो खोक्यात ठेवा.

तिसरे : देवघरातील समई, स्वयंपाकाची शेगडी, विजेची बटणे यांच्या जवळपासही डबा नको. द्रवावरील बाष्प जवळच्या ज्योतीने ज्या तापमानापासून पेट घेऊ शकते, ते तापमान मेथॅनॉलच्या बाबतीत सुमारे ११ अंश सेल्सिअस आहे. महाराष्ट्रात बहुतेक सर्व दिवशी हवा याहून उष्णच असते.

चौथे : गाडीच्या टाकीत उरलेले इंधन पुन्हा डब्यात ओतू नका. त्यात बाष्प, धूळ व जळके तेल आलेले असते. थोड्या बचतीपायी सगळा डबा बिघडतो.

पाचवे : डब्यावर तो उघडल्याची तारीख लिहा. इंधन गढूळ दिसले किंवा त्यात थर पडले, तर ते वापरू नका. ते मोरीत ओतू नका, पेटवूनही देऊ नका. शिक्षक वा जाणत्या वडील माणसाच्या हाती सोपवा.

सहावे : द्रव्ये आणून घरी इंधन बनवण्याच्या भानगडीत मुळीच पडू नका. शुद्ध नायट्रोमिथेन पूर्वी निर्धोक समजत. पण १९५८ साली अमेरिकेत रेल्वेने नेल्या जाणाऱ्या त्याच्या दोन टाक्यांचे वेगवेगळ्या ठिकाणी भीषण स्फोट झाले आणि तो समज खोटा ठरला. काही द्रव्ये मिसळल्यास ते अधिकच स्फोटक बनते. म्हणूनच युरोपीय संघात १ फेब्रुवारी २०२१ पासून १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले मिश्रण सामान्य ग्राहकाला खुलेपणाने विकता येत नाही.

सरबतासारखे दिसणारे विष

आता सर्वांत गंभीर गोष्ट. हे इंधन ओळखू यावे म्हणून त्यात बहुधा लाल, गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग घालतात. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवले, तर घरातील लहान मूल त्याला काय समजेल?

मेथॅनॉल स्वतः फारसे विषारी नसते, पण यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर घाला घालते. अवघ्या १० मिलिलिटरने, म्हणजे दोन चमच्यांनी, अंधत्व येऊ शकते. ३० मिलिलिटर प्राणघातक ठरू शकते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मेथॅनॉल असलेली दारू पिऊन शंभरहून अधिक माणसे दगावली, ती याच विषाने.

यातील फसवी बाब अशी, की पहिले बारा-चोवीस तास माणूस ठीक दिसू शकतो. म्हणून 'काही होत नाही, उद्या पाहू' असे कधीही म्हणू नका. इंधन पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी तत्काळ रुग्णालय गाठा व डबा वा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्या. मेथॅनॉल त्वचेतूनही शरीरात जाते. तेव्हा हातमोजे घाला, सांडलेले लगेच साबणपाण्याने धुवा, तोंडाने नळी ओढून इंधन काढू नका, आणि इंजिन केवळ मोकळ्या मैदानातच चालवा.

न दिसणारी ज्योत

मेथॅनॉल जळताना काजळीचे कण बनत नाहीत. ज्योतीला पिवळा रंग येतो तो याच तापलेल्या कणांमुळे. ते नसल्यामुळे मेथॅनॉलची फिकट निळी ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. १९८१ साली अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीत रिक मिअर्स या चालकाच्या मोटारीत इंधन भरताना आग लागली. माणसे होरपळत होती, पण जवळच्यांना ज्वाळा दिसत नव्हत्या. मिअर्स यांचा चेहरा भाजला.

म्हणून टाकी भरताना इंजिन बंद असावे, आणि प्लगची बॅटरी दूर असावी. कोरड्या पावडरीचे अग्निशामक हाताशी ठेवा. मेथॅनॉल पाण्यात मिसळत असल्याने सांडलेल्या जागी भरपूर पाणी ओतणे उपयोगी पडते.

इंजिनाची निगा : चालू करण्यापूर्वी

या इंजिनांच्या पिस्टनला बहुधा कड्या नसतात. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि भोवतीचे नळकांडे क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेचे असते. हे नळकांडे माथ्याकडे किंचित अरुंद केलेले असते. थंड इंजिन हाताने फिरवले, तर पिस्टन वर जाताना अडकल्यासारखा वाटतो तो यामुळे. हा दोष नव्हे. इंजिन तापले, की वरचा भाग खालच्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो, नळकांडे सरळ होते आणि पिस्टन नेमका बसतो. म्हणजेच थंड स्थितीत इंजिन जबरीने सुरू करणे हे त्याला घासणेच होय. म्हणून जाणकार लोक टाकी भरण्यापूर्वी, इंधनाचा डबा दूर ठेवून, केस वाळवण्याच्या यंत्राने इंजिनाचा माथा तापवून घेतात.

नवे इंजिन तर काही टाक्या होईपर्यंत रुळवावे लागते. सुई थोडी अधिक उघडी ठेवायची, म्हणजे तेल भरपूर मिळते. वेग बेताचा ठेवायचा, आणि मधून मधून इंजिन पूर्ण निवू द्यायचे.

हवेची गाळणी हा दुसरा मुद्दा. ३.५ घन सेंटिमीटरला ३०,००० ने गुणा. १०५ लिटर होतात! प्रत्यक्षात थोडी कमी, तरी मिनिटाला जवळपास एवढी हवा हे इंजिन ओढू शकते, तीही धुळीच्या मैदानात, जमिनीपासून वीतभर उंचीवरून. मातीत वाळूचे कण असतात आणि वाळू धातूला कानशीसारखी घासते. म्हणून गाळणीचा स्पंज तेलात भिजवलेला असावा, दर खेपेनंतर धुवावा आणि फाटताच बदलावा.

चालू असताना

माथ्याचे तापमान साधारणपणे १०० ते १२५ अंश सेल्सिअस असावे. ते अवरक्त तापमापकाने मोजता येते. तो नसेल तर जुनी युक्ती आहे. गाडी थांबवून माथ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. तो उकळलाच नाही, तर इंजिन थंड आहे. चुर्र करून तीन-चार सेकंदांत गेला, तर ठीक. पडताक्षणी उडाला, तर इंजिन फार तापले आहे. सुई थोडी उघडा. धुराड्यातून निळसर धुराची बारीक रेघ सतत दिसली पाहिजे, कारण ती न जळलेल्या तेलाची खूण आहे. धूर नाही, म्हणजे तेल नाही. इंजिन कर्कश सुरात जोराने पळते, म्हणून खूश होऊ नका. तेलावाचून ते मरणाकडेच पळत असते.

दिवस संपल्यावर

खरी निगा येथे आहे, आणि आळस येतो तोही येथेच. पोटात इंधन ठेवून इंजिन फळीवर टाकले, की मेथॅनॉल पाणी ओढते. ज्वलनात तयार झालेली नायट्रोजनची ऑक्साइडे पाण्याशी मिळून आम्ले बनवतात. पोलादी भुजादंड व बेअरिंगांना याहून वाईट सोबत कोणती? म्हणून हा क्रम पाळा.

टाकी पूर्ण रिकामी करा. नळीत उरलेले इंधन इंजिन मंद गतीत चालवून संपवा. मग ग्लो प्लग काढून त्या भोकात आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात साठवणीच्या पातळ यंत्रतेलाचे चार-पाच थेंब टाका, आणि भोकावर फडके धरून इंजिन काही फेरे फिरवा, म्हणजे तेल सर्वत्र पसरेल. प्लग पुन्हा लावा. शेवटी प्रचक्र हाताने फिरवून पिस्टन तळाशी आणून ठेवा. माथ्याच्या अरुंद भागात अडकलेल्या पिस्टनवर नळकांडे निवताना आवळले जाते व हळूहळू सैल होते. तळाशी ठेवला, तर हा ताण टळतो. या सगळ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत.

वर्गात करून पाहा

इंधनातील पाणी काय करते, हे मेथॅनॉलला हातही न लावता पाहता येते. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. जवळपास ज्योत नको, आणि अल्कोहोल शुद्ध इथाइल अल्कोहोलच घ्या. प्रयोगशाळेतील जळाऊ स्पिरिटमध्ये मेथॅनॉल असू शकते.

दोन परीक्षानळ्यांत प्रत्येकी ५ मिलिलिटर अल्कोहोल घ्या. एकीत १ मिलिलिटर एरंडेल, दुसरीत तेवढेच शेंगदाण्याचे तेल घालून दोन्ही हलवा. शेंगदाण्याचे तेल तळाशी वेगळे राहील. एरंडेल विरघळून स्वच्छ द्रावण होईल. आता या स्वच्छ द्रावणात ड्रॉपरने एकेक थेंब पाणी टाकत हलवत जा, आणि थेंब मोजा. काही थेंबांनंतर द्रावण दुधासारखे पांढरे होईल. पाण्याने अल्कोहोलाला आपल्याकडे ओढले आणि तेलाला बाहेर काढले.

एरंडेल घातलेल्या इंधनाचा डबा उघडा राहिला, तर त्यात हळूहळू याच दिशेने वाटचाल होत असते, फक्त थेंब हवेतून येतात आणि ते मोजायला कोणी नसते. ज्या तेलाने पिस्टन वाचायचा, तेच बाजूला पडू लागते. किती थेंबांना द्रावण पांढरे झाले, ते वहीत लिहून ठेवा. मग पाण्याऐवजी मिठाचे पाणी घेऊन, आणि नळी बर्फात ठेवून, हाच प्रयोग पुन्हा करा. थेंबांची संख्या बदलते का, व का बदलते, याचा विचार वर्गात सर्वांनी मिळून करा.